गलोर क्रीक: कोअर शॅकमधला माझा पहिला सीझन

पहिला कोअर बॉक्स (ड्रिलनं जमिनीतून काढलेल्या दगडी कांड्यांची पेटी) टेबलावर आला तेव्हा मी त्यात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, शोधत बसले होते. चांगली वीस मिनिटं. बाटलीनं पाणी फवारायचं, दगड ओला झाला की लेन्स लावून बघायचं, तुकडा फिरवायचा, परत पाणी, आणि क्वार्ट्झ काही सापडेना. माझं एमएस्सी नागपूरचं, आमच्यासाठी तांब्याची खाण म्हणजे मलाजखंड, बालाघाट जिल्ह्यातलं, गोंदियावरून बसनं गेलो होतो आमची अख्खी बॅच, आणि तिथं कसं ग्रॅनाइटमध्ये पांढऱ्याशुभ्र क्वार्ट्झचा जाडजूड पट्टा आणि त्या पांढऱ्यात पिवळंधमक चॅल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज, लांबूनच कळतं. ते चित्र डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की तांबं आहे म्हणजे क्वार्ट्झ असणारच असं मी धरूनच चालले होते. इथं समोर काळपट हिरवा दगड, त्यात चॅल्कोपायराइटचे ठिपके उघड्या डोळ्यांनी दिसतायत, आणि क्वार्ट्झची एक शीर नाही.

आमची सीनियर मागून आली. वय साठीच्या पुढं, पण तिकडं सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारतात म्हणून मीही "ती"च म्हणते, आदर कमी नाही. तिनं विचारलं काय शोधतेयस, मी सांगितलं. ती म्हणाली, "या डोंगराला क्वार्ट्झ करायला सिलिका (क्वार्ट्झ ज्याचं बनतं ते द्रव्य) उरलंच नव्हतं. नाही ते शोधू नकोस, आहे ते लिही."

तर गलोर क्रीक. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाचा वायव्य कोपरा, जवळजवळ अलास्काला टेकलेला. गलोर क्रीक हा ओढा स्कड नदीला मिळतो, स्कड पुढं स्टिकीन नदीला, आणि स्टिकीन अलास्कातून समुद्राला. या पट्ट्याला गोल्डन ट्रँगल म्हणतात. डोंगर इतके उभे की मान वर करूनही माथा दिसत नाही, वर हिमनद्या, खाली दाट झाडी, आणि डिपॉझिटपर्यंत, म्हणजे तांब्या-सोन्याच्या साठ्यापर्यंत, जायला रस्ता नाही. म्हणजे रस्ता करायला घेतला होता, २००७ मध्ये खाणीचं बांधकामच सुरू झालं होतं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थांबलं, कारण खर्चाचा अंदाज साधारण २.२ अब्ज कॅनेडियन डॉलरवरून ५ अब्जाच्या घरात गेला. म्हणून आजही माणूस, डिझेल, ड्रिलचे रॉड, अंडी, टॉयलेट पेपर, सगळं हेलिकॉप्टरनं.

मी व्हँकुव्हरला मास्टर्स केलं आणि लगेचच्या उन्हाळ्यात ही नोकरी मिळाली, ज्युनियर जिऑलॉजिस्ट, तीन आठवडे काम एक आठवडा सुट्टी. व्हँकुव्हरहून विमानानं स्मिदर्स, तिथून गाडीनं हायवे ३७ नं उत्तरेला. मेझियाडिनच्या पुढं रस्त्यात अस्वलं दिसायला लागली, रस्त्याच्या कडेला डँडेलियनची फुलं खात बसलेली, आणि ड्रायव्हर गाडीसुद्धा हळू करेना कारण त्याच्यासाठी ते आपल्याकडच्या गाई-म्हशींसारखं. बॉब क्विन म्हणून एक धावपट्टी आहे हायवेलगत, तिथं सामान उतरवलं. हेलिकॉप्टरचं ब्रीफिंग झालं: मागून जायचं नाही, पायलट तुम्हाला बघतोय याची खात्री झाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, वाकून चालायचं, टोपी हातात, उताराच्या वरच्या बाजूनं कधीच यायचं नाही कारण पातं तिथं डोक्याच्या उंचीला येतं. हे शेवटचं ऐकून पोटात गोळा आला. मग उडालो आणि अर्ध्या तासात मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही, खाली निळसर फुटलेला बर्फ, त्यातून राखाडी पाण्याच्या शंभर धारा, आणि माणसाची एकही खूण नाही. नागपूरच्या पोरीला हे फार होतं, मी रडले, हेडसेट लावलेला म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

कॅम्प म्हणजे तंबू, लाकडी फळ्यांचे रस्ते, किचन, ड्राय (ओले कपडे वाळवायची गरम खोली, ही सगळ्यात महत्त्वाची जागा), आणि थोडं बाजूला कोअर शॅक. पुढचे साडेतीन महिने माझं आयुष्य त्या शॅकमध्ये गेलं.

आता काम काय असतं ते सांगते, कारण मला खूप जण विचारतात की एक्स्प्लोरेशन, खनिजांचा शोध, म्हणजे नक्की करतात काय. डोंगरउतारावर लाकडी ओंडक्यांचा मचाण बांधतात, त्यावर ड्रिल रिग हेलिकॉप्टरनं तुकड्या-तुकड्यांत उतरवतात आणि जागेवर जोडतात. ड्रिलच्या तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेली पोकळ बिट. ती फिरत दगड कापत खाली जाते आणि पोकळीत दगडाची कांडी तयार होते, ती कांडी म्हणजे कोअर. आमच्याकडं वरच्या भागात जाड एचक्यू कोअर निघायचा, ६३.५ मिलिमीटर, आणि खोल गेलं की एनक्यू, ४७.६. दर तीन मीटरला ड्रिलर वायरलाइननं आतली नळी वर ओढतो, कोअर बॉक्समध्ये लावतो आणि तिथं एक लाकडी ठोकळा ठेवतो, त्यावर मार्करनं खोली लिहिलेली. १८०, १८३, १८६, असं. त्या ठोकळ्यांवर सगळं उभं आहे. दगड कुठल्या खोलीवरचा आहे हे सांगणारी बॉक्समध्ये दुसरी कुठलीही गोष्ट नसते. ड्रिल दिवसरात्र चालतं, बारा-बारा तासांच्या दोन शिफ्ट, आणि रोज संध्याकाळी हेलिकॉप्टर दोरीला जाळी लटकवून बॉक्सांचा गठ्ठा आमच्या दारात आणून टेकवतं.

मग शॅकमध्ये: बॉक्स क्रमानं टेबलावर मांडायचे, तुकडे एकमेकांत बसवून बघायचे (मोडलेल्या कडा कुलपासारख्या बसतात), टेपनं मोजायचं, रिकव्हरी काढायची म्हणजे तीन मीटर खोदल्यावर हातात किती आलं ते, मग आरक्यूडी, म्हणजे दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज भागिले रनची (एका खेपेत खोदलेल्या भागाची) लांबी, त्यावरून दगड किती धड आहे ते कळतं. चुंबकीय मोजमाप. ओला करून फोटो. आणि मग खरं लॉगिंग.

पहिल्या आठवड्यात मला आरक्यूडीनं रडवलं. कारण वरचा सगळा भाग म्हणजे नुसती खडी. कांडी वगैरे काही नाही, बॉक्समध्ये फावड्यानं भरल्यासारखे तुकडे, आरक्यूडी शून्य, शून्य, परत शून्य. मला वाटलं ड्रिलर नीट काम करत नाहीयेत. आणि दीडशे मीटरच्या पुढं एका बॉक्सपासून एकदम, म्हणजे अक्षरशः एका ठोकळ्यापासून, दीड दीड मीटरच्या अखंड गुळगुळीत कांड्या, बॉक्समध्ये बसवायला हातोडीनं तोडाव्या लागतात इतक्या. तिथं याला स्टिक रॉक म्हणतात. कारण ऐकलं आणि मी त्या दगडाच्या प्रेमातच पडले. या दगडात पूर्वी सगळीकडं बारीक भेगा होत्या आणि त्या भेगांत ॲनहायड्राइट भरलेलं होतं, सिमेंटसारखं. वरून पावसाचं, बर्फाचं पाणी झिरपत गेलं, ॲनहायड्राइटचं जिप्सम झालं, जिप्सम विरघळून गेलं, आणि सिमेंट गेल्यावर दगडाची खडी झाली. पाणी जिथपर्यंत पोचलं तिथपर्यंत खडी. त्याच्या खाली भेगा अजून भरलेल्या आहेत, म्हणून कांड्या. म्हणजे मी ज्या ठोकळ्यापाशी उभी होते तिथवर पाणी येऊन थांबलं होतं. उद्या खाण झालीच तर खड्ड्याच्या भिंती किती उभ्या ठेवता येतील ते याच रेषेवर बरंचसं ठरणार, त्यामुळं ते शून्य शून्य लिहिणं फुकट नव्हतं.

क्वार्ट्झचं कोडंही हळूहळू उलगडलं. जगातली बरीचशी पॉर्फिरी (बारीक दगडात मोठे स्फटिक विखुरलेला, लाव्हारसापासून झालेला खडक) तांब्याची डिपॉझिट्स क्वार्ट्झच्या शिरांनी भरलेली असतात, चिलीतली वगैरे. गलोर क्रीक अल्कलिक जातीतलं. साधारण २१ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिकच्या शेवटाला, समुद्रात ज्वालामुखी बेटांची एक रांग होती, ती पुढं सरकत येऊन उत्तर अमेरिकेला चिकटली. (आपला दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटींचा, आणि मलाजखंड जवळपास अडीचशे कोटींचं. तांबं तेच, पण वयात केवढा फरक.) त्या बेटांच्या पोटात जो लाव्हारस वर आला त्यात पोटॅशियम भरपूर आणि सिलिका कमी. त्याचा झाला सायेनाइट, ग्रॅनाइटसारखा पण क्वार्ट्झ जवळजवळ नसलेला दगड. आणि गरम पाण्यानं तांबं, सोनं, चांदी आणून सोडलं ते क्वार्ट्झच्या शिरांत नाही, दगडातच ठिपक्या-ठिपक्यांनी, बायोटाइट, गुलाबी फेल्डस्पार, मॅग्नेटाइट आणि तपकिरी गार्नेट यांच्या बरोबरीनं. मी गार्नेट म्हणजे दागिन्यातला लाल खडा इतकंच धरून चाललेले, इथलं गार्नेट गुळाच्या रंगाचं, आणि ते दिसलं की मी जास्त निरखून बघायला शिकले.

एक दगड मात्र असा आहे की तो दाखवायला मी कुणालाही त्या दरीत घेऊन जाईन. स्यूडोल्यूसाइट पॉर्फिरी. करड्या दगडात पांढरट, आठ कडांचे गोलसर खडे, काही बोराएवढे, काही त्याहून मोठे, कापलेल्या कोअरमध्ये खडीसाखर पेरल्यासारखे. ल्यूसाइट हे खनिज फक्त अशा पोटॅशियमवाल्या, सिलिका कमी असलेल्या लाव्हारसातच होतं आणि ते फार काळ टिकत नाही, थंड होताना मोडतं आणि त्याच्या जागी फेल्डस्पार आणि नेफेलिन येतं. पण आकार तसाच राहतो. साचा ल्यूसाइटचा, आतला माल दुसऱ्याचाच. सीनियरनं तो तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली हे बघितल्यावर क्वार्ट्झ शोधायचं नसतं, हेच तुला सांगतंय की इथं सिलिका नव्हतं. मी तो तुकडा संध्याकाळपर्यंत हातातून सोडला नाही.

आईचा फोन रात्री यायचा, म्हणजे तिची सकाळ. कॅम्पमध्ये सॅटेलाइट इंटरनेट, आवाज तुटत तुटत. "काय करून राहिली तू तिकडं जंगलात? जेवली का गं? सोनं दिसते का तुला?" तिला प्रत्येक वेळी वाटायचं आज दिसलं असेल. मी सांगायचे की आई, एका टन दगडात सोनं साधारण ग्रॅमचा तिसरा हिस्सा, ते डोळ्याला दिसत नाही, लेन्सलाही नाही. २०११ च्या अभ्यासात इथला खाणण्याजोगा साठा सुमारे ५३ कोटी टन धरला होता, टनाला साधारण सहा किलो तांबं, सहा ग्रॅम चांदी आणि तेवढंसं सोनं. आईनं हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी एवढा डोंगर फोडायचा?" तो प्रश्न माझ्या मनात आजही आहे, त्याच्याकडं पुढं येते.

सोनं दिसत नाही, पण ते कुठं असेल याची चाहूल लागते, आणि ती चाहूल म्हणजे बोर्नाइट. चॅल्कोपायराइट पितळी पिवळं असतं. बोर्नाइट ताजं तुटलेलं तांबूस तपकिरी, आणि हवा लागली की त्यावर जांभळा-निळा मोरपिसासारखा रंग चढतो. गलोरमध्ये बोर्नाइट वाढलं की सहसा सोनंही वाढतं. म्हणून चॅल्कोपायराइटकडून बोर्नाइटकडं बदल नेमका कुठल्या मीटरवर होतो हे अचूक लिहायला लागतं. आणि इथंच माझ्याकडून मोठी चूक झाली.

जुलैचा शेवट, सात दिवस धुकं आणि पाऊस, हेलिकॉप्टर उडालंच नाही, ड्रिल क्रू आपल्या मचाणावर पायी जायचे. आठव्या दिवशी आभाळ मोकळं झालं आणि एकाच दुपारी बॉक्सांचा ढीग आला. टेबलं भरली, जमिनीवर बॉक्स, दाराबाहेर बॉक्स. मी घाई केली. मोजमाप आधी करायचं हा नियम, मी म्हटलं लॉगिंग आधी उरकू, मोजमाप उद्या असिस्टंटबरोबर. २०० मीटरपासून सुरू केलं, मस्त स्टिक रॉक, चॅल्कोपायराइट, मग बोर्नाइट यायला लागलं, मला उत्साह, मी लिहीत गेले, सॅम्पलचे टॅग स्टेपल करत गेले, २५० च्या आसपास रात्री साडेदहाला थांबले. दुसऱ्या दिवशी असिस्टंटनं टेप लावली आणि म्हणाला, "२१३ आणि २१६ च्या मध्ये पाच मीटर नव्वद आहे."

तीन मीटरच्या रनमध्ये सहा मीटर दगड येऊ शकत नाही. एक ठोकळा राहिला होता. म्हणजे ज्याच्यावर २१६ लिहिलंय ते खरं तर २१९, आणि तिथून पुढं सगळं तीन मीटरनं चुकलेलं, सगळे ठोकळे, माझं सगळं लॉग, सगळे टॅग. की याउलट, आधीच कुठं एक ठोकळा जास्त पडलाय आणि इथं येऊन हिशेब जुळलाय? हे दोन्ही शक्य असतं, आणि नुसत्या अंदाजानं ठरवायचं नसतं. मी सीनियरकडं गेले, हात थरथरत होते. ती रागावली नाही, पण समजूतही घातली नाही. म्हणाली, ड्रिलरकडं जा, शिफ्टचा रिपोर्ट माग, रॉड मोजायला सांग, आणि मग शून्यापासून टेप लाव.

नाइट शिफ्टचा ड्रिलर झोपेतून उठून आला. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, त्यानं आपली वही काढली, त्यात रनगणिक रॉडची संख्या आणि वेळ लिहिलेली, आणि बोट ठेवून दाखवलं, इथं पंप बंद पडला होता रात्री तीनला, नळी काढली, पंप दुरुस्त केला, परत सुरू केलं, आणि त्या गडबडीत एका रनचा ठोकळा राहिला. तो म्हणाला, "माझी चूक." मी म्हटलं, माझीही, मी मोजलं नव्हतं. मग आम्ही तिघांनी मिळून सगळे बॉक्स परत मांडले, प्रत्येक मोड जुळवला, ठोकळे खोडून नवे लिहिले, तारीख आणि सही टाकून, आणि मी जवळजवळ चाळीस मीटर लॉग पहिल्यापासून लिहिलं. रात्रीचा एक वाजला. बोर्नाइट सुरू होण्याची रेघ मी आधी लिहिली होती त्याच्या तीन मीटर खाली गेली. तीन मीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण पुढं संगणकावर या होलमधली रेघ शेजारच्या होलमधल्या रेघेला जोडून सोन्याच्या भागाचा आकार काढतात, तिथं तीन मीटर खोटे असले तर तो आकारच खोटा, आणि कुणालाही कधीच कळणार नाही का चुकला. त्या रात्रीनंतर मी टेप लावल्याशिवाय कुठल्याही बॉक्सला लेन्स लावलेली नाही.

लॉग झालं की कोअर कापायचा. हिऱ्याच्या करवतीनं उभा मधोमध, अर्धा पिशवीत, अर्धा कायमचा बॉक्समध्ये. दर वीसेक नमुन्यांत एक ठाऊक ग्रेडची (धातू किती आहे ते आधीच माहीत असलेली) पावडर आणि एक निव्वळ कोरा दगड घालायचा, लॅबला न सांगता, म्हणजे लॅबचं काम तपासता येतं. पिशव्यांना सील, सील नंबर वहीत. लॅबमध्ये दगड दळून पावडर करतात, तांबं-चांदीसाठी ॲसिडमध्ये विरघळवतात, आणि सोन्यासाठी अजूनही तीच जुनी भट्टीची पद्धत, शिशाबरोबर वितळवून शिसं जाळून टाकायचं आणि मागं उरतो तो मणी.

करवतीवर जो मुलगा होता तो टाल्टन, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांपैकी, इस्कूत गावचा. ही सगळी जमीन टाल्टन लोकांची. इस्कूत, डीस लेक, टेलिग्राफ क्रीक ही त्यांची गावं. १९१० मध्ये त्यांनी जाहीरनामा काढून लेखी सांगितलेलं आहे की हा मुलुख आम्ही कुणाला दिलेला नाही. २००६ मध्ये या प्रोजेक्टसाठी त्यांच्याबरोबर करार झाला, त्यांनी मतदान करून मान्य केलेला, आणि कॅम्पमधले बरेच जण त्यांच्यातलेच होते, किचनपासून पर्यावरणाच्या मोजमापापर्यंत. या मुलानं मला स्टिकीनमधला धुरी दिलेला सामन मासा खायला दिला, घरून आणलेला, त्याच्या आजीच्या स्मोकहाउसचा, आणि मी त्याला मेतकूट-भात दिला, त्यानं दोनदा घेतला.

एकदा करवत बंद करून तो म्हणाला, तू पंधरा दिवसांनी विचारतेस पुढच्या होलचं, आम्ही पन्नास वर्षांनंतरच्या पाण्याचं विचारतो. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ४ ऑगस्ट २०१४ ला याच ब्रिटिश कोलंबियात माउंट पॉली खाणीचा गाळाचा बांध फुटला, सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी आणि गाळ तळ्यांत गेला. तेही अल्कलिक पॉर्फिरीच, तांबं आणि सोनं, गलोरचं भावंड म्हणा. मी चंद्रपूर बघितलंय, कोळशाच्या धुळीनं काळी झालेली झाडं बघितलीयत, आणि मी तांब्याच्या तारेवर चालणारा फोन वापरते. मला या डोंगराखालचं सगळं जाणून घ्यायचंय ही माझी खरी इच्छा आहे. तो फोडायचा का, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्या मुलाच्या गावाचा आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्यांना ते ठरवायला आमच्या नोंदी खऱ्या मिळाल्या पाहिजेत.

ऑगस्टमध्ये मला जुन्या कोअरवर बसवलं. इथं तांबं सापडलं १९५५ मध्ये, साठच्या दशकात भरपूर ड्रिलिंग झालं. तेव्हाचे काही बॉक्स रॅकवर पडून आहेत, लाकूड कुजलेलं, शेवाळ चढलेलं, काहींचे तळ निसटलेले, आणि आम्ही त्यातलं वाचवता येईल ते नव्या बॉक्समध्ये हलवत होतो, परत लॉग करत होतो. मी हाताळलेल्या बॉक्सांच्या जुन्या शीटवर तांब्याचा रकाना भरलेला आणि सोन्याचा रिकामा. तेव्हा सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर बांधलेला होता, कोण कशाला खर्च करेल. पण दगडाचं वर्णन काय सुंदर केलेलं होतं! पेन्सिलीनं, बारीक तिरक्या अक्षरात. बोर्नाइट किती, कुठं, कुठल्या मीटरपासून. मी लेन्स लावून एकेक ओळ ताडून पाहिली आणि त्या माणसाची, कोण होता माहीत नाही, एकही ओळ मला चुकीची सापडली नाही. ते बोर्नाइट लिहिलेले मीटर आम्ही कापून लॅबला पाठवले, सोन्यासाठी. त्यानं तेव्हा ते लिहून ठेवलं म्हणून आम्हाला इतक्या वर्षांनी कळलं कुठं कापायचं. त्या अक्षराखाली मी माझं लॉग लिहिलं तेव्हा हात जरा सावकाश चालला.

सप्टेंबर संपता संपता बर्फाची रेघ रोज थोडी खाली यायला लागली. सकाळी फळ्यांच्या रस्त्यावर बर्फ, पाण्याचे पाइप गोठलेले, ड्रिलला पाणी पोचवायला हीटर. उंचावरचे मचाण आधी रिकामे केले, हिमस्खलनाची भीती. शेवटचे चार दिवस मी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर होल नंबर, बॉक्स नंबर, कुठून कुठवर हे ठोकून ठोकून बॉक्सांवर लावत होते, कारण शाई आणि कागद इथं टिकत नाही. २१३ ते २१९ वाल्या बॉक्सवर पट्टी लावताना दोनदा टेप लावली.

रिझल्ट आले नोव्हेंबरच्या मध्यात, मी व्हँकुव्हरच्या भाड्याच्या खोलीत, बाहेर पाऊस. आधी कोरे दगड बघितले, ते कोरेच आले. ठाऊक ग्रेडच्या पावडरी जुळल्या. मग माझं होल. वरच्या खडीत तांबं बेताचं, गार्नेटवाल्या भागात तांबं चांगलं आणि सोनं थोडकंच, आणि खाली जिथं मी त्या रात्री रेघ खोडून परत काढली होती त्याच नमुन्यापासून सोनं वर गेलेलं. रेघेच्या वरच्या नमुन्यात नाही, खालच्यात आहे. मी आईला फोन लावला आणि म्हटलं, आई, दिसलं. तिनं विचारलं, "कसं होतं गं?" मी म्हटलं, आकडा होता, कागदावर.

ते होल आम्ही ठरलेल्या खोलीच्या थोडं आधीच थांबवलं होतं, बर्फामुळं. शेवटच्या बॉक्सच्या शेवटच्या कांडीत चॅल्कोपायराइट अजून होतं, मी ते लॉगमध्ये लिहिलंय, आणि करवतीनं कापताना त्या कांडीचं तळाचं टोक तसंच अखंड ठेवायला सांगितलं, म्हणजे पुढं कुणी त्याच होलमध्ये परत रॉड सोडले तर नवीन कोअरचा पहिला तुकडा तिथं बसवून बघता येईल.